लेम प्रुइटच्या वाट्याचा घोडा

लेम प्रुइटला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गुराच्या पुठ्ठ्यावर तापल्या सळईनं उमटवलेला मालकीचा डाग तो धुळीत, धुक्यात, अर्ध्या मैलावरून ओळखायचा. त्यातही आडवी नाल. को नावाच्या म्हाताऱ्या मालकाचा तो डाग: घोड्याची नाल, कुशीवर निजलेली. बाविसाव्या वर्षी टेक्सासात लेम त्या डागाच्या चाकरीला आला आणि एकोणीस वर्षं हलला नाही. मालकानं गुरं उत्तरेला पावडर नदीवर आणली, तेव्हा हाही मागोमाग आला. येताना एका नदीत डावा पाय मोडला, तो वाकडाच बसला. दोन दात एका बैलानं काढून नेले. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं." जसं काही दाढी करायची राहून गेली!

म्हातारा को शिवराळ माणूस. इतक्या वर्षांत त्यानं लेमला एकदाही शाबास म्हटलं नाही. पण दर वसंतात गड्यांना घोडे वाटून द्यायची वेळ आली, की आठ चांगले घोडे लेमच्या वाट्याला काढून ठेवायचा. लेमला तेवढं पुरायचं. त्या आठांतला एक पाद्री. राखी रंगाचा, लांबुडक्या तोंडाचा, गळ्यापाशी पांढरा पट्टा. आणि समोरच्यानं पाप केलंय अन् ते आपल्याला ठाऊक आहे, अशा नजरेनं बघणारा. नदीत पोहायला त्याच्यासारखा घोडा त्या मुलखात नव्हता. लेम त्याच्याशी बोलायचा. माणसांशी बोलायचा त्यापेक्षा जास्तच.

आता या वाट्याच्या घोड्यांची एक रीत होती. घोडे मालकाचे खरे, पण एकदा गड्याच्या वाट्याला दिले की त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मुकादमानंही नाही, मालकानंही नाही. आणि मालकानं न विचारता त्यातला एक घोडा नेलाच, तर त्याचा अर्थ एकच: बाबा रे, वळकटी बांध. तोंडानं कुणी काही बोलत नसे. गडीही 'का' म्हणून विचारत नसे. विचारणं म्हणजे भीक मागणं. गपचूप खोगीर उचलायचं आणि चालू लागायचं. रीत कसली, शुद्ध खूळ! पण या खुळावर भली भली माणसं जगली आणि मेली.

म्हातारा को वारला. त्याच्या पोरांनी डागासकट सगळं एका समुद्रापारच्या कंपनीला विकलं आणि कंपनीनं कारभारी पाठवला, म्यूर साहेब. तिशीचा स्कॉटिश माणूस, उन्हानं कान कायम लालबुंद, मागे त्याची बायको आणि पुस्तकांच्या सहा पेट्या. हा साहेब सगळ्यांना 'अहो-जाहो' करायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "कृपया तो दोर जरा देता का?" गड्यांची खोली आठवडाभर त्यावर हसत होती. कुणी कुणाला बूट फेकून मारायचा तर आधी 'कृपया' म्हणायचा.

त्या ऑक्टोबरातली गोष्ट. पहाटे लेम दोर घेऊन घोड्यांच्या कुंपणाशी गेला तर त्याचे सातच घोडे उभे. त्यानं पुन्हा मोजले. सातच.

मुकादम हॅगर्टी तिथंच खोगिराचा पट्टा घासत बसला होता. पट्टा केव्हाचाच चकचकीत झाला होता, तरी घासत होता.

"पाद्री कुठाय?" लेमनं विचारलं.

"साहेबानं नेला. काल संध्याकाळी. वरच्या, त्याच्या घराकडं."

"मला न विचारता?"

"मला विचारलं, सगळ्यात भरवशाचा घोडा कुठला. मी म्हटलं, लेमचा पाद्री. तर म्हणाला, छान, तोच लागेल." हॅगर्टीनं मान वर केली नाही. "मला वाटलं, तुला बोललाय."

"नाही बोलला."

"हं," हॅगर्टी म्हणाला आणि पट्टा तिथंच टाकून आपल्याला कुठंतरी जायचंय असं दाखवत निघून गेला.

लेम दोर हातात धरून उभा राहिला. काय केलं आपण? त्याला काही सुधरेना. साहेबाच्या चपट्या खोगिराला हसलो, ते? पण हसले तर सगळेच. त्या लंगड्या वासराला गोळी घाल म्हणून साहेब सांगत होता आणि आपण 'जगेल ते' म्हणालो, ते? पण वासरू जगलं की! का मागच्या रविवारी साहेबाच्या बायकोनं विचारलं, 'तुमच्या घरी कोण कोण असतं?' आणि आपण 'घोडा' म्हणालो, ते तिला लागलं? असं एक एक पाप तो उलटून पालटून बघत होता, आणि एकही एकोणीस वर्षांच्या चाकरीएवढं जड भरेना.

स्वयंपाकाच्या गाडीपाशी जेथ्रो पीठ मळत होता. जेथ्रो म्हणजे तळावरचा स्वयंपाकी; चुलीपाशी त्याचं राज्य आणि जीभ त्याच्या सुरीपेक्षा धारदार.

"असा का उभा तू? भूत बघितलंस की आरशात तोंड?"

लेमनं सांगितलं. जेथ्रोचे हात पिठात थांबले.

"मग जा की वर. विचार त्याला."

"विचारायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"तुला ठाऊक नाही होय रीत?"

"रीत गेली खड्ड्यात! तो माणूस गाईला 'शुभ सकाळ' म्हणतो, लेम. गाईला! त्याला तुझी रीत काय घंटा ठाऊक असणार? तोंड दिलंय ना देवानं? दोन दात कमी असले तरी चालतं ते."

"इतकी वर्षं चाकरी केली. आता दारात जाऊन 'मला का काढलं' म्हणून रडू?"

"रडू नको. विचार. गड्यांच्या खोलीपासून त्याच्या पायरीपर्यंत चाळीस पावलं असतील, जास्त नाहीत. एवढ्यानं तुझा वाकडा पाय झिजणार नाही."

लेम निघाला खरा. वीसेक पावलं गेलाही. तेवढ्यात वरचं दार उघडून स्वतः म्यूर साहेबच बाहेर आला आणि लांबूनच हात हलवून ओरडला, "शुभ सकाळ, प्रुइट! काय सुरेख हवा पडली आहे!"

लेम जागच्या जागी थिजला. घोडा काढून घेतो आणि वर शुभ सकाळ? हा माणूस आहे का कोण आहे?

"मी पंधरा दिवस नाही बरं का," साहेब म्हणाला. "आल्यावर तुमच्याशी एक बोलायचं आहे. निवांत. घाई काही नाही."

घाई काही नाही! म्हणजे आवरायला पंधरा दिवस दिले. परत येईन तेव्हा तोंड दिसायला नको, हे असं गोड बोलून सांगतात होय यांच्या मुलखात? लेमनं हॅटच्या कडेला बोट लावलं आणि आल्या वाटेनं वळला. साहेबाला वाटलं, किती शांत माणूस आहे हा.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि त्याची बायको रेल्वेकडं निघाले. चार दिवसांची वाट, मध्ये नदी दोनदा ओलांडायची. लेम कुंपणाआडून बघत होता. पाद्रीवर बाईचं खोगीर चढवलेलं, त्यावर ती दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलेली. पाद्रीनं मान वळवून गड्यांच्या खोलीकडं बघितलं. ती नजर नेहमीचीच होती, पण त्या दिवशी लेमला ती सोसली नाही. ढसाढसा रडावंसं वाटलं त्याला, आणि रडायचं तरी कशासाठी, हेही नीट कळेना.

दुपारपर्यंत त्यानं वळकटी बांधली. स्वतःच्या मालकीची एकच म्हातारी घोडी होती, तिच्यावर खोगीर टाकलं. जेथ्रोनं पावाची पिशवी त्याच्या अंगावर फेकली आणि म्हणाला, "गाढवा!" एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवली.

हद्दीवरच्या ओढ्यात आडव्या नालेची एक गाय चिखलात रुतून बसली होती. लेम पुढं गेला. थांबला. स्वतःला दोन शिव्या दिल्या, मागं फिरला आणि अर्धा दिवस घालवून दोर लावून तिला बाहेर ओढली. बाहेर आल्या आल्या ती त्याला शिंगावर घ्यायला धावली. "बरोबर आहे तुझं," लेम तिला म्हणाला. "आता मी तुझा कोण?"

हिवाळ्याच्या तोंडावर कुणी गडी नेमत नाही. बिनकामाचे लोक या तळावरून त्या तळावर जेवत फिरतात. कुणी नको म्हणत नाही, पण चुलीभोवती प्रश्न होतोच. "आडव्या नालेचा लेम तू? एकोणीस वर्षांनी काढला? असं केलंस तरी काय बाबा?" लेम म्हणायचा, "मलाच ठाऊक नाही." यावर कोण विश्वास ठेवणार? तिसऱ्या तळावर त्याच्या आधीच बातमी पोचली होती की प्रुइट मालकाच्या वासरांवर परका डाग मारत होता. लेमनं ताट खाली ठेवलं आणि उठला. पायाची गोष्ट त्याला कळत होती, दातांची कळत होती. हे मात्र कुठं दुखतंय तेच सापडत नव्हतं.

शेवटी तो माणसांतूनच उठला. हद्दीच्या दक्षिणेला एका खोल घळीत, टेकडीच्या पोटात कुणीतरी खणून सोडलेली खोप होती. तिथं राहून लांडग्यांना सापळे लावू लागला. कुठं आहे हे कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारणार आहे, असंही त्याला वाटलं नाही.

मग तो हिवाळा आला. त्या वर्षी कोरड्या उन्हाळ्यानं गवत मुळातच खुरटलं होतं. त्यावर बर्फ पडला, वरून थोडा वितळला, पुन्हा गोठला, आणि साऱ्या मुलखावर काचेचं झाकण बसलं. गुरांना खाली गवत दिसायचं, पण तोंड पोचायचं नाही. फुटक्या बर्फाच्या कडांनी त्यांचे पाय सोलून निघायचे. जानेवारीत वादळ सुटलं आणि गुरं वाऱ्याला पाठ देऊन दक्षिणेकडं चालू लागली. ती वाऱ्यापुढं अशीच चालतात, कुंपण आडवं येईतो, नाहीतर नदीत पडेतो.

लेमनं खोपीचं दार उघडलं तर समोर बर्फानं माखलेली एक ओळ हळूहळू नदीच्या कड्याकडं चाललेली. पुढच्या गाईच्या पुठ्ठ्यावरचा बर्फ गळून पडला होता. आडवी नाल.

"जाऊ दे," तो मोठ्यानं म्हणाला. "आपला काय संबंध?" दार लावलं. चुलीत लाकूड सारलं. मग उठला, सगळी फडकी कानाला नि हाताला गुंडाळली आणि बाहेर जाऊन घोडीवर खोगीर टाकलं.

त्या दिवशी त्यानं किती गुरं वळवली आणि किती कड्यावरून गेली, त्याचं त्यालाच कळलं नाही. वळवली तेवढी घळीत घातली. तिथं वारा कमी होता. घळीच्या वरच्या धारेवर वाऱ्यानं बर्फ उडवून गवत उघडं पाडलं होतं, तिथवर तो घोडीकडून बर्फाचा पापुद्रा फोडून घ्यायचा आणि गुरांना टप्प्याटप्प्यानं वर न्यायचा. वादळ असेल तेव्हा कॉटनवुडची झाडं तोडून कोवळ्या फांद्या घालायचा. दिवसामागून दिवस हेच. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली. ती त्यानं स्वतःच कुऱ्हाडीनं उडवली आणि त्या दिवशी लवकर निजला, एवढीच सुट्टी.

एक शिंग मोडलेली गाय कायम त्याच्या मागं मागं असायची. तिला तो विचारायचा, "कुणासाठी चाललंय गं हे? कंपनीसाठी? कंपनी मी बघितली पण नाही. म्यूरसाठी? त्याच्या नावानं तर मी रोज थुंकतो. म्हाताऱ्यासाठी? तो मातीत गेला." गाय फांदी चघळत राहायची. तिला काय, उत्तर असो नसो, फांदी होती.

फेब्रुवारीत स्ट्राउड आला. चार गाईंचा धनी, पण दर वर्षी त्याच्या गाईंना तिळी-चौळी होत असावी अशी त्याची वासरं वाढायची. घळीतली गुरं बघून त्याचे डोळेच मोठे झाले.

"अरे लेका, हा तर खजिना आहे! अन् डाग बघ कसा सोयीचा. नालेचं उघडं तोंड तापल्या सळईनं जोडून टाकलं की झालं गोल चाक. निम्मी तुझी, निम्मी माझी."

"ही आडव्या नालेची आहेत," लेम म्हणाला.

"त्यांनी तुला हाकललं ना?"

"हाकललं."

"चोर म्हणून नाव पसरवलं ना सगळ्या मुलखात?"

"पसरवलं असेल."

"मग?"

लेमनं बराच वेळ विचार केला. खरंच केला. "मग काय, ते मलाही कळत नाही, स्ट्राउड," तो शेवटी म्हणाला. "पण तू सळई बाहेर काढलीस तर मी तुला गोळी घालीन. हे मात्र कळतंय."

स्ट्राउड गेला. जाताना म्हणाला, "वेडा झालास तू." लेमलाही ती शक्यता नाकारता येईना.

मार्चच्या अखेरीस ऊबदार वारा सुटला. दोन दिवसांत बर्फ खचला आणि खालून मेलेली गुरं वर आली. ओढ्याओढ्यांत, कुंपणांच्या रांगेनं, नदीच्या वळणांवर. त्या वासातून, नाकाला रुमाल बांधून, दोन घोडेस्वार घळीच्या तोंडाशी आले. एक हॅगर्टी. दुसरा म्यूर साहेब. कान तेवढेच लाल, पण माणूस दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

घळीत दोनशेच्या वर गुरं उभी होती. हाडांचे सापळे, पण उभी. आणि मध्ये दाढीचं जंगल वाढलेला एक माणूस, हातात कुऱ्हाड.

साहेब घोड्यावरून उतरला. त्यानं टोपी काढली. "प्रुइट, अहो, तुम्ही का गेलात? एक शब्द न बोलता?"

लेमच्या डोक्यात सगळं गरगरलं. हा मला विचारतोय? तो साहेबाच्या घोड्याकडं बघत होता. घोडा तांबडा होता. त्याच्या तोंडून पाच महिने अडकलेला प्रश्न बाहेर पडला, पण भलताच.

"पाद्री कुठाय?"

साहेबानं हॅगर्टीकडं बघितलं. हॅगर्टी दुसरीकडं बघू लागला. त्याला तेवढं चांगलं यायचं.

"माझी पत्नी गरोदर होती," साहेब म्हणाला. "पहिली दोन मुलं आमची गेली. हिला हिवाळ्याआधी शहरात डॉक्टरजवळ पोचवायचं होतं, आणि नदीची मला धास्ती. म्हणून मुकादमाला विचारलं, डोळे मिटून विश्वास टाकावा असा घोडा कुणाचा. तुमचा, म्हणाला. मला वाटलं, हा तुमचा मान आहे. परत आल्यावर आभार मानणार होतो. आणि हॅगर्टीच्या हाताखाली उत्तरेचा तळ तुम्हाला सोपवणार होतो."

"मान?" लेम म्हणाला.

"तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा जेथ्रोनं मला काय काय शिव्या दिल्या, त्या मी लिहून ठेवल्या आहेत. तेव्हा मला ती रीत कळली." साहेबानं टोपी हातात फिरवली. "डिसेंबरात मी तुम्हाला शोधायला निघालो. पाद्रीवरच. म्हटलं, तुमचा घोडा तुमच्या हाती देऊन यावं. वादळानं गाठलं. मला हात दिसेना माझा. शेवटी लगाम सोडून दिला. त्यानं मला दारात आणून उभं केलं, प्रुइट. मला आत नेलं लोकांनी. तो मात्र उभ्याचा खाली बसला, आणि उठला नाही."

"शोधायला का निघालात?"

"विचारायला. का गेलात म्हणून."

लेम खाली चिखलातच बसला. आधी तो हसला, मग ते हसणं कधी फाटलं ते हॅगर्टीला कळलं नाही. "विचारायला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "अरे देवा, विचारायला!" शिंगमोडकी गाय जवळ येऊन त्याचा खांदा हुंगू लागली. साहेब टोपी धरून उभा होता, त्यालाही कुठं बघावं कळेना.

लेमनं आणखी एकच विचारलं. "बाई?"

"सुखरूप आहे. मुलगी झाली."

लेमनं मान हलवली आणि डोळे बाहीला पुसले. "नदीत तो कधी घाबरायचा नाही," तो म्हणाला.

गुरं घेऊन ते पाचव्या दिवशी तळावर आले. जेथ्रोनं लेमच्या हाताकडं बघितलं, उरलेली बोटं मोजली आणि "गाढवा!" म्हणून त्याच्यापुढं शेंगदाण्याएवढीही जागा न सोडता ताट भरलं. कुणी काही विचारलं नाही. गड्यांची खोली तशीच होती, लेमची जागा रिकामी ठेवलेली. तो तिथं थोडा वेळ बसला. आता दोर फेकणं या हातानं होणार नाही, हे त्याला कळत होतं. आपण पाच महिने चाकरीत होतो का नव्हतो, हे मात्र अजून कळत नव्हतं. रीत म्हणत होती नव्हतो, साहेब म्हणत होता होतो, आणि दोनशे गुरं बाहेर हंबरत होती.

मग तो उठला. दाराबाहेर येऊन हॅट काढली आणि वरच्या घराकडं चालू लागला. जेथ्रो हातातली पळी तशीच धरून बघत राहिला. लेम मनात पावलं मोजत होता. पायरीला पाय लागला तेव्हा अडतीसच भरली होती.

त्यानं दार वाजवलं. साहेबानं उघडलं.

"एक विचारायचं होतं, साहेब," लेम म्हणाला. "पाद्रीला कुठं पुरलंय?"

"या," साहेब म्हणाला, "दाखवतो," आणि टोपी घ्यायला आत वळला.